दगडखाणीचा निर्णय गुणांच्या बेरजेवर सोडावा का?

प्रश्न: "आमच्या वसाहतीमागच्या डोंगरातल्या दगडखाणी काही वर्षांपासून बंद आहेत. त्या पुन्हा सुरू कराव्यात की नाही, याचं धोरण ठरवायचं घाटतंय. सल्लागारांनी 'बहुनिकष निर्णय पद्धत' वापरणार असं सांगितलं आहे. खाणमालक, क्रशरवाले, कामगार, रहिवासी अशा सगळ्यांकडून निकषांना वजनं घ्यायची, गुण काढायचे आणि ज्या पर्यायाला जास्त गुण तो शासनाला सुचवायचा. रहिवाशांच्या वतीने मी बैठकीला जाणार आहे. हे खरंच शास्त्रीय आहे, की आधीच ठरलेल्या गोष्टीला आकड्यांचा मुलामा? तिथे जाऊन मी नेमकं काय विचारू?" (नवी मुंबईतल्या एका ताईंचं पत्र)

ताई, पद्धत शास्त्रीय आहे, आणि तरीही तिचा मुलामा होऊ शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

अशा पद्धती बऱ्याच आहेत. त्यांतल्या दोन घराण्यांची ओळख तुम्हाला पुरेल. एक एएचपी, थॉमस साटी यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली. निकषांच्या जोड्या लावायच्या, 'यांतला कुठला जास्त महत्त्वाचा आणि किती पट' ते १ ते ९ मध्ये सांगायचं, त्यातून वजनं काढायची आणि शेवटी बेरीज. दुसरी इलेक्ट्रे, बर्नार्ड रॉय यांनी साठच्या दशकात फ्रान्समध्ये सुरू केलेली. तीही निकष आणि वजनं घेते, पण तिच्यात नकाराधिकाराची सोय आहे. एखादा पर्याय बाकी सगळीकडे सरस असला आणि एकाच निकषावर असह्य असला, तरी त्याला सरस म्हणायला ती नकार देते.

फरक तांत्रिक वाटतो, पण खाणीचं भांडण नेमकं त्याच्यावरच उभं असतं. एका बाजूचं नुकसान दुसऱ्या बाजूच्या फायद्याने भरून निघतं का? बेरजेची पद्धत न विचारताच 'हो' म्हणून मोकळी होते. माझं मत स्पष्ट आहे: जे भरून निघत नाही ते बेरजेत घालायचंच नाही. ते आधी बाजूला काढायचं, त्याची मर्यादा आखायची, मर्यादा मोडणारा पर्याय तिथेच बाद करायचा. वजनांचा खेळ उरलेल्यांसाठी.

आकडे घेऊन बघा. हे आकडे मी समजावण्यासाठी धरले आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत. दोन पर्याय: पहिला, खाणी पूर्वीसारख्या सरसकट सुरू. दुसरा, वस्तीपासून लांबच्या मोजक्याच खाणी, ठरावीक मुदतीपुरत्या. चार निकष: रोजगार, खडीचा भाव, धूळ आणि घरांची सुरक्षितता. गुण शंभरपैकी, जास्त म्हणजे चांगलं. पहिल्या पर्यायाला अनुक्रमे ९०, ८५, १५, ५. दुसऱ्याला ५०, ५०, ५५, ६०. धंद्याच्या बाजूची माणसं या निकषांना ३५, ३०, २०, १५ अशी वजनं देतात. बेरीज करा: पहिला पर्याय ६०.७५, दुसरा ५२.५०. सरसकट खाणी जिंकल्या. घरांच्या सुरक्षिततेला शंभरपैकी ५ गुण होते, ते रोजगाराच्या नव्वदाखाली गाडले गेले. अहवालात फक्त शेवटची ओळ छापली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

रहिवाशांनी १५, १०, ४०, ३५ अशी वजनं दिली तर पहिल्याला २९.७५, दुसऱ्याला ५५.५०. चित्र पार उलटं. मग सल्लागार म्हणतात, ठीक आहे, सगळ्यांची सरासरी घेऊ. इथे नीट लक्ष द्या. टेबलाभोवती धंद्याच्या बाजूच्या तीन खुर्च्या आणि रहिवाशांची एक असेल, तर सरासरी वजनं ३०, २५, २५, २० येतात. पहिला पर्याय ५३.००, दुसरा ५३.२५. दुसरा थोडक्यात पुढे. आता धंद्याच्या बाजूला आणखी एक खुर्ची द्या, म्हणजे चारास एक. वजनं ३१, २६, २४, १९ होतात, आणि पहिला ५४.५५ वर जाऊन दुसऱ्याला ५३.१० वर मागे टाकतो. डोंगर तोच, धूळ तीच, कोणाचंही मत बदललेलं नाही. फक्त एक खुर्ची वाढली.

म्हणून बैठकीतला तुमचा पहिला प्रश्न गणिताचा नसावाच. टेबलावर कोण बसणार, किती जण, आणि ते कोणी ठरवलं? आणि दुसरा लगेच: सरासरी काढणार आहात का? मी सरासरीच्या सक्त विरोधात आहे. एका मुलाला १०४ ताप आणि दुसरं थंडीने गारठलेलं, म्हणून घरातलं सरासरी तापमान ठीक आहे असं कोणी म्हणत नाही. प्रत्येक गटाची वजनं वेगळी ठेवा, प्रत्येक गटाचा निकाल वेगळा छापा, शेजारीशेजारी. कुठला पर्याय सगळ्यांना निदान सोसवतो आणि कुठल्यावर एखादा गट उद्ध्वस्त होतो, हे त्यातून दिसतं. धोरण ठरवणाऱ्याला हीच माहिती हवी असते.

आता भरून न निघणाऱ्या गोष्टी कुठल्या? सगळंच 'अमूल्य' म्हणून बाजूला काढलं तर निर्णयच होणार नाही, हेही मान्य केलं पाहिजे. माझा निकष साधा आहे: जिथे जीव, घर किंवा परत न येणारी गोष्ट जाते, आणि जिथे कायद्याने किंवा मानकाने आधीच रेघ मारली आहे, तिथे नकाराधिकार. सुरुंगाचं उदाहरण घ्या. घराला गेलेले तडे हे 'लोकांची भावना' म्हणून नोंदवायचं कारण नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात जमिनीच्या कंपनाची मर्यादा दिलेली आहे. खाणमालकाचं नसलेलं साधं राहतं घर असेल आणि कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल, तर कणांचा कमाल वेग सेकंदाला ५ मिलिमीटर. ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. हे यंत्राने मोजता येतं. स्फोट करणाऱ्या खाणीसाठी वस्तीपासून किमान २०० मीटर आणि स्फोट नसेल तर १०० मीटर, अशी अंतरं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुचवली. धुळीचं मानक २००९ पासून आहे: दहा मायक्रॉनपर्यंतचे कण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत. या रेघांच्या पलीकडे जाणारा पर्याय गुणतक्त्यात येताच कामा नये. त्याला रोजगारात शंभरपैकी शंभर मिळाले तरी.

आणखी एक रेघ बहुतेक वेळा विसरली जाते. निर्णय एकेका खाणीचा घ्यायचा की सगळ्या डोंगररांगेचा? नवी मुंबईच्या पारसिक डोंगररांगेत खाणी एकमेकींना चिकटून आहेत. एकेक खाणपट्टा, म्हणजे खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेली जागा, लहान असला की प्रत्येकाचा परिणाम कागदावर किरकोळ दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या दीपक कुमार निकालात हेच ओळखून ५ हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या (दगड, वाळू वगैरे) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. २०१६ च्या अधिसूचनेत ५०० मीटरच्या आत असलेले पट्टे एक समूह म्हणून धरायची तरतूद आली. तेव्हा तक्त्यात 'खाण क्रमांक अमुक' असे पर्याय दिसले तर तिथेच थांबवा. डंपर सगळे एकाच रस्त्याने उतरतात, धूळ सगळी एकाच वाऱ्यावर येते.

वजनं कशी विचारली जातात, त्यावरही डोळा ठेवा. 'रोजगार महत्त्वाचा की आरोग्य?' असा प्रश्न आला की तो बाद समजा. त्याला उत्तर नाही. कितीचा रोजगार, कोणाचं आरोग्य, किती बिघडणार? नीट विचारायचं तर असं: या पर्यायाने इतक्या कुटुंबांचं काम सुटतं, आणि त्या पर्यायाने तुमच्या गल्लीतली धूळ या आकड्यावरून त्या आकड्यावर येते; यांतला कुठला बदल आधी हवा? वजन नेहमी बदलाच्या मापाला द्यायचं असतं, निकषाच्या नावाला कधीच नाही.

हे मला एका बैठकीत फार जवळून दिसलं. क्रशरवर पाटी टाकणाऱ्या एक मावशी एएचपीची प्रश्नावली भरत होत्या. आठ निकष असले की २८ जोड्या होतात, माणूस दमतो. मावशींनी एका जोडीत रोजगाराला झुकतं माप दिलं आणि पुढे जाऊन त्याच्याशी न जुळणारं उत्तर दिलं. या पद्धतीत उत्तरांची सुसंगती मोजतात, आणि विसंगतीचं प्रमाण ०.१० च्या वर गेलं की उत्तरं पुन्हा तपासायला सांगतात. संगणकावर बसलेल्या मुलाने तसं सांगितलं, "मावशी, एक आकडा बदला, म्हणजे जुळेल." मावशी म्हणाल्या, "कोणाची तब्येत विचारतोस ते सांग. माझी असेल तर काम आधी. माझ्या पोराची असेल तर तब्येत आधी." त्यांच्या उत्तरात विसंगती नव्हतीच. निकषच चुकीचा पाडला होता: 'आरोग्य' या एका रकान्यात कामगाराची छाती आणि झोपडीत राहणाऱ्या मुलाची छाती कोंबली होती. रकाना फोडून दोन केले आणि उत्तरं जुळली. म्हणून कोणी 'तुमची उत्तरं विसंगत आहेत' म्हणालं तर घाबरू नका. आकडा बदलण्याआधी प्रश्न बदलायला लावा.

एएचपीचा आणखी एक दोष जाणकारांना १९८३ पासून माहीत आहे, बेल्टन आणि गिअर यांनी तो दाखवून दिला. तक्त्यात एखादा नवा, आधीच्या पर्यायाचीच नक्कल असलेला पर्याय घातला की आधीच्यांचा आपसातला क्रमही पालटू शकतो. त्यामुळे शेवटच्या क्षणी कोणी 'हाही एक पर्याय घेऊ या' म्हणालं, तर तो घेण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही निकाल मागा.

पर्यायांचं बोलायचं तर खरी मेख इथेच असते. 'खाणी सुरू' आणि 'खाणी बंद' हे दोनच पर्याय ठेवले तर चर्चा सुरू व्हायच्या आधीच संपते. आपल्याकडे इमारती उठतच राहणार, मेट्रो आणि रस्ते होतच राहणार, खडी लागणारच. इथला डोंगर बंद केला तर डंपर दुसऱ्या तालुक्यातून येतील आणि धूळ दुसऱ्या गावाच्या वाट्याला जाईल. ते गाव तुमच्या टेबलावर नाही. त्यामुळे 'बंद' या पर्यायापुढे हेही लिहिलंच पाहिजे की मग दगड कुठून येणार, किती लांबून, आणि तिथल्या लोकांना कोणी विचारलं. रहिवाशांच्या प्रतिनिधीने हे स्वतःहून मांडलं तर तिच्या शब्दाला दसपट वजन येतं, हा माझा अनुभव आहे.

याच टप्प्यावर चांगले पर्याय जन्माला येतात. पाडकामाच्या राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांनी सरकारी आणि पालिकेच्या कामांत पुनर्वापरातलं साहित्य १० ते २० टक्के वापरायला सांगितलं होतं. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कृत्रिम वाळू आणि पुनर्वापरातली खडी दोन्ही बसतात. आपल्या भागात जुन्या इमारतींचा पुनर्विकास एवढ्या वेगाने चालू आहे की राडारोड्याला तोटा नाही. 'मर्यादित खाणी आणि वाढत जाणारा पुनर्वापर, वर्षागणिक खाणीचा वाटा कमी' असा एक पर्याय तक्त्यात असायलाच हवा. त्याला किती गुण मिळतात ते मिळोत, पण तो नसेल तर तुलनाच अर्धवट.

लोकांच्या गटांचीही अशीच फोड करावी लागते. 'खाणमालक' म्हटलं की डोळ्यांसमोर एक धनदांडगा उभा राहतो. पण इथले कितीतरी खाणवाले मुळात प्रकल्पग्रस्त. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी धरल्या गेल्या. जमीन गेल्यावर हाताशी राहिलेल्या मोजक्या धंद्यांपैकी खाण एक. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजनाही १९८४ च्या जासईच्या आंदोलनानंतरच पदरात पडली, गोळीबारात पाच जण गेल्यावर. या माणसाला 'विकासासाठी तुमचा धंदा बंद करा' असं दुसऱ्यांदा सांगितलं जातंय, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा राग कळत नाही. दुसरीकडे दगड फोडणारे, ज्यांत वडार समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना मालकांच्याच बाजूला धरलं जातं. ते बरोबर नाही. मालकाकडे भूखंड असतो, मजुराकडे हातोडा. खाण बंद झाली तर दोघांचं नुकसान होतं, पण दोघांना लागणारी भरपाई वेगळी. कामगारांची खुर्ची वेगळी हवी, आणि तिच्यावर कामगारच बसलेला हवा, मुकादम नव्हे.

नकाराधिकार लोकांच्या हाती दिल्याचं देशातलं सर्वांत ठळक उदाहरण ओडिशातल्या नियमगिरीचं. बॉक्साइटची खाण हवी की नको, हे ग्रामसभांनी ठरवावं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. तिथे कोणी डोंगरदेवाला शंभरपैकी गुण दिले नाहीत. कोणाला नाही म्हणायचा हक्क आहे एवढंच न्यायालयाने ठरवलं. आपल्या जिल्ह्यातही शहापूरसारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची केली आहे. नवी मुंबईत ग्रामसभा नाही. म्हणून इथे खुर्च्यांच्या वाटपाला एवढं महत्त्व, आणि म्हणूनच मी ते सुरुवातीला घेतलं.

उलट बाजूचाही धडा आहे, आणि तो मला जास्त लागतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात हीच बहुनिकष वाट धरली होती: घाटाचे पाच मिनिटे गुणिले पाच मिनिटे, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद तुकडे, प्रत्येक निकषाला १ ते १० गुण, मग सरासरी. त्यावरून संवेदनशीलतेचे तीन दर्जे, आणि पहिल्या दर्जाच्या क्षेत्रात नव्या खाणी नकोत ही शिफारस. समितीचा आग्रह असा होता की या रेषा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, त्या ग्रामसभांपर्यंत नेऊन पक्क्या करा. पण ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल सरकारने मे २०१२ पर्यंत दाबून ठेवला. माहिती अधिकाराच्या लढाईनंतरच तो खुला झाला. तोवर गावोगावी 'घर बांधायलाही बंदी येणार' एवढंच पोहोचलं होतं. गणित चांगलं होतं, हेतू चांगला होता, आणि ज्यांच्यासाठी होतं त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. म्हणून गुणतक्ता बैठकीच्या आधी, मराठीत, सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे. बैठकीत पडद्यावर दाखवलेला तक्ता म्हणजे दाखवलेला तक्ता नव्हे.

शेवटी एक गोष्ट, जी बहुनिकष पद्धतींत येतच नाही. सर्वांत जास्त गुणांचा पर्याय टिकेल का? यासाठी संघर्षाचं विश्लेषण करणारी वेगळी साधनं आहेत. त्यांत प्रत्येक पक्षाला विचारतात: हे धोरण लागू झालं तर तुमची पुढची चाल काय, आणि त्यावर समोरच्याची काय? ठाण्याच्या खाडीतली रेती बघा. सक्शन पंपाला बंदी आहे, हातपाटी आणि डुबीने, म्हणजे यंत्राशिवाय बुडी मारून, रेती काढणाऱ्यांचा हक्क वेगळा मानला जातो. तरी मुंब्रा, काल्हेर, काशेली या पट्ट्यांत महसूल खात्याची पथकं बोटी घेऊन उतरतात, बार्ज आणि पंप पकडतात, गॅस कटरने कापतात नाहीतर बुडवतात. पुन्हा पंप येतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण पंपवाला दंडाचा आकडा बघत नाही, पकडला जाण्याची शक्यता बघतो. आणि याच खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आहे. कागदावर शंभर गुणांची बंदी पाण्यात चाळीसची उरते, आणि हातपाटीवाला मात्र कायद्याने चालूनही मध्येच भरडतो.

डोंगरालाही हेच लागू. 'मर्यादित खाणी' म्हणाल तर ती मर्यादा रोज कोण मोजणार? रॉयल्टीच्या पावतीवरचे ब्रास आणि डंपरमधले ब्रास जुळतात का, वजनकाटा कोणाचा, कंपन मोजणारं यंत्र कोणाच्या ताब्यात आणि त्याची नोंद रहिवाशांना दिसणार का? आणि रेघ ओलांडली तर खाण त्या दिवशी आपोआप थांबणार, की पुन्हा अर्ज, सुनावणी, तारीख? ही उत्तरं नसतील तर दुसऱ्या पर्यायाचे धूळ आणि सुरक्षिततेचे ५५ आणि ६० गुण खाली आणायला लावा. वर दिलेल्या रहिवाशांच्या वजनांवर ते दोन्ही २० वर आणले, तर दुसऱ्या पर्यायाची बेरीज ५५.५० वरून २७.५० वर येते, म्हणजे सरसकट खाणींच्या २९.७५ च्याही खाली. देखरेखीशिवायची मर्यादा सरसकटपेक्षाही वाईट ठरते: काम गेलं, आणि धूळ तिथेच राहिली.

बैठकीला जाताना तुमच्या सोसायट्यांमधून तडे गेलेल्या भिंतींचे तारखेसह फोटो, सुरुंगाच्या वेळांची नोंद आणि दवाखान्यांत येणाऱ्या खोकल्याच्या रुग्णांची डॉक्टरांनी दिलेली माहिती गोळा करा, रुग्णांची नावं न लिहिता. क्रशरवरच्या एखाद्या मावशींना सोबत न्या, त्यांची खुर्ची मागा. आणि गुणतक्त्याची एक्सेल फाइल मागा, छापील प्रत नव्हे, म्हणजे वजनं बदलून काय होतं ते तुम्ही घरी स्वतः बघू शकाल.